ट्रेसर काकूंची नजर

ट्रेसर काकू एखाद्याकडे बघायला लागल्या की मध्येच नजर काढून घेत नसत. आपण कुणाकडे बघत असताना त्याने एकदम वर पाहिलं तर आपण चटकन पंख्याकडे नाहीतर भिंतीकडे बघायला लागतो. काकूंना तसं काही व्हायचं नाही. त्या बघतच राहायच्या, सावकाश, जणू तो माणूस म्हणजे खिडकीतून दिसणारा डोंगर आहे. जबलपूरच्या मदन महल भागातल्या आमच्या भाजीवाल्याने एकदा तराजू तसाच धरून त्यांना विचारलं होतं, "क्या देख रही हो, अम्मा?" काकूंनी सांगितलं, "आपकी गर्दन. बहुत अच्छी बनी है." तो चाळिशीचा, तीन मुलींचा बाप. कानापर्यंत लाल झाला. त्यानंतर काकू दुकानाशी आल्या की तो आधी कॉलर नीट करायचा आणि मग भाव सांगायचा.

त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत होती. काका रेल्वेतून सिग्नलच्या खात्यातून निवृत्त झालेले, शांत, उंच, थोडे वाकलेले. मूलबाळ नव्हतं आणि त्याबद्दल काकूंनी कधी कुणाला काही विचारू दिलं नाही. एक गोष्ट मात्र त्यांच्यात अगदी जुन्या वळणाची होती. त्यांनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. 'हे' म्हणायच्या, फार तर 'आमच्याकडचे'. पोस्टमनने सहीसाठी नाव विचारलं तरी मला हाक मारायच्या. "तू सांग गं मीनल, मला नाही जमत." बाकी कशालाही न लाजणारी ही बाई एवढ्यावरच लाजायची.

'ट्रेसर' हे नाव नोकरीतून आलेलं. इथल्या सरकारी फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात पुरुष पेन्सिलीने यंत्राच्या सुट्या भागांचे नकाशे काढत आणि एका लांब खोलीत ओळीने बसलेल्या बायका त्यांवर पारदर्शक मेणकापड अंथरून तीच रेघ शाईने पुन्हा ओढत. काकूंनी चौतीस वर्षं हे काम केलं. पुढे कॉम्प्युटर आले, कामाची तऱ्हा बदलली, पण हुद्द्याची पाटी तीच राहिली. रेघ केसभर सरकली तर लेखी जाब द्यावा लागे. "चौतीस वर्षं मी दुसऱ्याच्या रेघेवरून चालले," त्या म्हणायच्या, "एकदाही पाय घसरला नाही. आता घसरू दे."

निरोप समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी शहरातल्या एका चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. तिथे आठवड्यातून एकदा एक म्हातारा हमाल पंचा नेसून बसायचा आणि मुलं त्याला बघून चित्र काढायची. काकू फळी घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. शिकवणारे सर अवघडले. त्यांनी अदबीने सांगितलं, "मॅडम, आप उधर बैठिए ना. गुलदस्ता रखा है, स्टिल लाइफ कर लीजिए." काकू जागच्या हलल्या नाहीत. "स्टिल लाइफ मैंने चौंतीस साल किया है, सर," त्या म्हणाल्या. "अब जो साँस लेता है, वो बनाऊँगी."

हे सगळं चाललं होतं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. शाळेत तात्पुरती नोकरी, घरी बाबांची एकच काळजी. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला बघायला यायचं. मी पोहे घेऊन बाहेर जायची, बसायची, विचारलेल्याची उत्तरं द्यायची. एकदा नागपूरची मंडळी येऊन गेली. संध्याकाळी काकूंनी मला बोलावलं आणि पुढ्यात कागद-पेन्सिल ठेवली. "काढ त्याला."

मी काढायला बसले. बऱ्याच वेळाने कागदावर एक खुर्चीचा पाय, सतरंजीची नक्षी आणि करड्या पट्ट्यांचे पायमोजे उमटले. काकूंनी चित्र हातात घेतलं. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. "तासभर समोर बसला होता ना गं? त्यानं तुझी उंची, रंग, केस, दात सगळं बघितलं. आणि तुला त्याचे मोजे मिळाले." मग म्हणाल्या, "खाली काहून बघून राहिली होती? तुला कुणी सांगितलं की बघायचं काम फक्त त्यांचं आहे?"

पुढच्या खेपेला सिहोऱ्याच्या बँकेत नोकरी करणारा एक मुलगा आला. मी मान वर ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं. त्याच्या हनुवटीवर लहानपणची खूण होती. मनगटं सुंदर होती. कप उचलताना एक शीर हलायची. मी बघितलं ते त्याच्या लक्षात आलं आणि तो थोडा गोंधळला, पण त्याला राग आला असं मला वाटलं नाही. दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगी फार रोखून बघते. बाबा माझ्याशी आठवडाभर नीट बोलले नाहीत. काकूंनी मात्र पहिला प्रश्न विचारला, "काढलं का?" मी नुसती मनगटं काढली होती. त्यांनी तो कागद उजेडात धरला आणि हळूच म्हणाल्या, "हा तुला आवडला होता."

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मी विचारलं, कशावरून. "रेघेवरून," काकू म्हणाल्या. "नुसतं मोजून काढलेली रेघ मी ओळखते, आयुष्य गेलं त्यात. ही तशी नाही. ही हात फिरवल्यासारखी काढली आहे. लाजू नको. असंच काढायचं असतं."

त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर जायला लागले. रविवारी सकाळी आम्ही नर्मदेच्या ग्वारीघाटावर जायचो. काकू पायऱ्यांवर बसून अंघोळ करणारे पुरुष काढायच्या, नावाडी काढायच्या. त्यांचा एक नियम होता. न विचारता कुणाला काढायचं नाही. त्या सरळ नावाड्यापुढे उभ्या राहायच्या. "भैया, आपकी पीठ बनानी है. आप काम करते रहो." एखादा नको म्हणायचा, त्याला त्या हात जोडून पुढे जायच्या. "बघायचं तर विचारून बघायचं," त्या मला शिकवायच्या, "आणि एकदा विचारलं की मग डोळे चोरायचे नाहीत. चोरून बघतो तो चोर. आपण चोर नाही."

एकदा तिथल्या एका माणसाने आवाज चढवला. एवढ्या वयाच्या बाईने उघड्या अंगाचे पुरुष बघत बसणं बरं दिसतं का, तेही नर्मदामाईच्या काठावर, असं त्याचं म्हणणं. बघता बघता दहा-पंधरा जण जमले. काकूंनी वही मिटली नाही. पलीकडे बायका अंघोळी करत होत्या आणि वरच्या पायऱ्यांवर पुरुषांचा एक घोळका नेहमीसारखा बसलेला होता. काकूंनी पेन्सिलीने तिकडे दाखवलं. "ये लोग रोज देखते हैं. किसी ने पूछा उनसे? मैंने तो पूछ के देखा है." ज्याचं चित्र चाललं होतं तो नावाडी मधे पडला. म्हणाला, "मैंने हाँ बोला है. आप लोग धूप छोड़ो." गर्दी पांगली. वरचा घोळकाही त्या दिवसापुरता उठला.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात काकूंनी काकांचं चित्र काढलं. दोन महिने त्यांच्या मागच्या खोलीचं दार दुपारी बंद असायचं. काकांची बायपास वर्षापूर्वी झाली होती. चित्र झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं, तेव्हा मी आधी दारातच थांबले.

कॅनव्हास पलंगाच्या निम्म्याएवढा होता. काका दुपारची झोप झाल्यावर कुशीवर वळलेले, अंगावर काही नाही. एक गुडघा वर घेतलेला, त्यामुळे झाकायचं ते झाकलं गेलं होतं, पण लाजेने झाकलेलं नव्हतं. छातीवर वरपासून खालपर्यंत शिवणीची गुलाबी रेघ, सैल पडलेलं पोट, मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा, दंडावर वयाचे डाग. खिडकीतून आलेलं ऊन खांद्यावरून कमरेपर्यंत उतरलं होतं आणि काकूंनी ते ऊन फार सावकाश रंगवलं होतं. पण मी थांबले ती डोळ्यांमुळे. काका चित्रातून समोर बघत होते आणि आपण कुणालातरी हवे आहोत हे ठाऊक असलेल्या माणसाचं हसू त्यांच्या ओठांच्या कडेला होतं. सत्तरीच्या माणसाच्या चेहऱ्यावर मी ते आधी कधी बघितलं नव्हतं. विशीतल्या माणसाच्याही नाही.

"कसं आहे?" काकूंनी विचारलं. मला एवढंच सुचलं की काका देखणे आहेत हे मला माहीत नव्हतं. "मला माहीत होतं," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षांपासून. पण बाईनं हे सांगायचं कुठं?"

सांगायची जागा त्यांनी स्वतःच निवडली. आमच्या महाराष्ट्र मंडळाने सभासदांच्या कलाकृतींचं प्रदर्शन ठरवलं होतं. बाबा मंडळाचे सेक्रेटरी होते आणि माझ्याकडे चित्रं मांडायचं काम होतं. विणकाम, रांगोळ्या, गणपती, धबधबे असं सगळं आलं. यादीत काकूंनी लिहिलं होतं, 'यजमान, दुपार. तैलरंग.' बाबांना वाटलं, जेवणाच्या पंगतीचं काही असेल.

चित्र मांडायच्या आदल्या दिवशी बाबांना कळलं. ते काकूंच्या घरी गेले, मी मागोमाग. काका आरामखुर्चीत बसले होते. चित्र भिंतीला टेकवलेलं होतं आणि बाबा ते सोडून शेजारच्या कॅलेंडरकडे बघत बोलत होते.

"वहिनी, हात चांगला आहे तुमचा, त्यात प्रश्नच नाही," बाबा म्हणाले. "पण कुटुंबं येतात, लेकीसुना येतात. कपडे घातलेले काढले असते तर..."

"कपड्यातले हे साऱ्या जबलपूरला माहीत आहेत, भाऊजी. मला माहीत आहेत ते हे."

बाबांनी मग तोडगा काढला. नाव बदलू. खाली 'ध्यानस्थ शिव' असं काही लिहिलं तर कुणी बोलणार नाही. आपल्या देवळांवर काय काय कोरलेलं आहे, लोक हात जोडतातच की. बाबा हे मनापासून सांगत होते, मदत म्हणून. काकूंचा चेहरा पहिल्यांदा कठोर झाला.

"देवाच्या आड मी लपणार नाही. हे चित्र देवाचं नाही, माझ्या नवऱ्याचं आहे."

"अहो, पुरुषाने बायकोचं असं काढलं असतं तर एक वेळ..." बाबा बोलून गेले आणि थांबले.

"बोला ना," काकू म्हणाल्या. "थांबले काहून?"

बाबांनी काकांकडे बघितलं आणि विनवणीच्या सुरात म्हणाले, वसंतराव, तुम्हीच समजवा आता. काका कमी बोलायचे. त्यांचं एवढं लांब बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

"माझ्याकडे आयुष्यात दोनदा कुणी नीट बघितलं," काका म्हणाले. "एकदा ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी. ते दुरुस्तीसाठी. दुसऱ्यांदा हिनं. दोन महिने मी हिच्यासमोर पडून होतो आणि मला आपलं अंग पहिल्यांदा आपलं वाटलं. मला त्याची लाज नाही. लागू द्या चित्र."

चित्र लागलं. मीच लावलं, हॉलच्या मधल्या भिंतीवर. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्याभोवती अर्धवर्तुळ झालं होतं. जवळ कुणी जात नव्हतं आणि लांबही कुणी जात नव्हतं. अभिप्रायाच्या वहीत कुणीतरी सही न करता लिहिलं, 'या वयात?' काकूंनी खाली आपली पूर्ण सही करून लिहिलं, 'हो, याच वयात.' चहाच्या सुट्टीनंतर आम्ही परत आलो तर चित्रावर एक पांढरी चादर टाकलेली. काकूंनी ती काढली, चारपदरी घडी घातली आणि बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. संध्याकाळी पुन्हा चादर. या वेळी टाचण्या लावून. काकूंनी एकेक टाचणी काढून तळहातावर गोळा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. इस्त्रीचा शर्ट, तेल लावलेले केस. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि चित्राशेजारी बसले. चादर घेऊन कमिटीतले एक गृहस्थ आले तेव्हा काका उठून उभे राहिले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "आधी माझ्यावर टाका. मग त्याच्यावर." गृहस्थ चादर घेऊन परत गेले. त्यानंतर लोक चित्राकडे बघायचे, मग काकांकडे, मग जमिनीकडे. कुणी अवघडून किती वाजले विचारलं तर काका वेळ सांगत होते.

दुपारी मंडळातल्या सगळ्यात वयस्क आजी, पंच्याऐंशीच्या, नातीचा हात धरून आल्या. चित्रापुढे खूप वेळ उभ्या राहिल्या. मग काकांकडे वळून छातीवरच्या रेघेकडे बोट दाखवत म्हणाल्या, "दुखतं का हो अजून?" काकांनी शर्टाची वरची तीन बटणं काढली आणि खूण दाखवली. "थंडीत ओढतं थोडं," ते म्हणाले. आजींनी वाकून बघितलं, चित्रातली खूण बघितली आणि म्हणाल्या, "बरोब्बर काढली आहे."

तरी कमिटीने ठराव केला. तिसऱ्या दिवशी सकाळी, लोक यायच्या आत, चित्र उतरवायचं. बाबांनी मला स्टूल आणून दिलं. तू लावलंस, तू काढ, म्हणाले. मी नाही म्हटलं. बाबांनी पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, "बाबा, चार वर्षं माणसं घरी येऊन मला बघून गेली. तेव्हा तुम्ही कुणावर चादर टाकली नाही." बाबा स्वतः स्टुलावर चढले, चित्र उतरवलं आणि गणपतीचं मखर ठेवायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

काकूंना निरोप गेला. त्या आल्या, कुणाशी भांडल्या नाहीत. खोलीत गेल्या आणि चित्र सरळ केलं. मी टेम्पो बोलवू का, विचारलं. नको म्हणाल्या. गुंडाळायला काही आणू का? "कशाला? काय चोरून नेऊन राहिलो आहोत का?" एक बाजू त्यांनी धरली, एक मी. काका पुढे चालायला लागले. मंडळापासून घरापर्यंत वीस मिनिटांचा रस्ता, भर सकाळची अकराची वेळ, आणि आमच्या दोघींच्या मधे काका, उन्हात पहुडलेले. पानठेल्यावरची माणसं उभी राहिली. शाळेच्या रिक्षा हळू झाल्या. माझी मान आपोआप खाली जायला लागली तशा काकू म्हणाल्या, "वर बघ. बघू दे त्यांना. आपण पण त्यांना बघू." मी वर बघितलं. तेव्हा लक्षात आलं की बहुतेकांच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. कुतूहल होतं, थोडा गोंधळ, आणि एक-दोघांच्या चेहऱ्यावर असूया. मदन महल स्टेशनच्या वळणावर एका ऑटोवाल्याने गाडी थांबवून विचारलं, "अम्मा, ये कौन हैं?" काकूंनी हनुवटीने पुढे दाखवलं. "वो, जो आगे चल रहे हैं." ऑटोवाल्याने काकांकडे बघितलं, चित्राकडे बघितलं आणि कपाळाला हात लावून सलाम केला. काकांनीही केला.

मंडळाची आमंत्रणं त्या घरी बंद झाली. हळदीकुंकवालाही बोलावेनासे झाले. पण दुपारच्या वेळी गल्लीतल्या बायका एकेकट्या यायला लागल्या. साखर मागायला, पोळपाट परत करायला. मागच्या खोलीत जाऊन चित्र बघायच्या. एकीने जाताना दारात घुटमळत विचारलं, आमच्या ह्यांचं काढून द्याल का. काकू म्हणाल्या, "तूच काढ. मी शिकवते. मी काढलं तर ते मला दिसतात तसे निघतील, तुला दिसतात तसे नाही." असा त्या घरात रविवारचा बायकांचा वर्ग सुरू झाला आणि त्यातली मी पहिली विद्यार्थिनी.

दोन वर्षांनी काका गेले, झोपेत, काहीही न बोलता. तेराव्याला बाबा आले. प्रदर्शनानंतर त्यांचं त्या घराशी बोलणं जवळजवळ बंदच होतं. उठताना बाबा म्हणाले, "वहिनी, ते चित्र मी एकदा बघू का. त्या वेळी मी बघितलंच नव्हतं, नुसतं उतरवलं." काकू त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेल्या. बाबा उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "वसंतराव असेच हसायचे," ते म्हणाले. "पत्ते लपवले की." काकू खळखळून हसल्या आणि मग रडल्या. मी त्यांना रडताना त्या एकाच दिवशी बघितलं.

पुढच्या थंडीत त्यांनी मला कॅनव्हास ताणायला सांगितला. आधी वाटलं, स्वतःसाठी. "आता तू मला काढ," त्या म्हणाल्या. "हे होते तोवर माझ्याकडे बघणारं कुणी होतं. आरशात बघून काढायचा प्रयत्न केला, पण मी स्वतःला तपासायला लागते गं, चुका शोधायला लागते. चौतीस वर्षांची सवय. तू काढ." त्यांनी पातळ सोडून घडी करून ठेवलं आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या. चौसष्ट वर्षांचं अंग. मी कोळशाने बाह्यरेषा काढायला घेतली आणि नकळत पोटाची वळी सपाट केली, गळ्याच्या सुरकुत्या वगळल्या. काकूंनी उठून बघितलं आणि घडी केलेल्या पातळाचं टोक ओलं करून त्या रेघा पुसल्या.

"सुंदर नको करू," त्या म्हणाल्या. "हवीशी कर."

"कोणाला हवीशी, काकू?"

"मला."

मला ते कळायला पूर्ण हिवाळा लागला. रोज दुपारी मी बघायची आणि काकू माझ्याकडे उलट बघायच्या. कधी त्या काकांबद्दल बोलायच्या, पहिल्या भेटीबद्दल, त्यांच्या पाठीवरच्या तिळाबद्दल, आणि बोलताना त्यांच्या गळ्यापर्यंत रंग चढायचा. एके दिवशी तसा रंग चढलेला असताना मी मापं घेणं सोडून दिलं आणि हात चालवला. ते जमलं. काकूंनी बघितलं आणि इतकंच म्हणाल्या, "हं. ही मी आहे." मग कोपऱ्यात माझं नाव मोठ्या अक्षरांत लिहायला लावलं. मी लहान लिहीत होते. त्यांनी हात धरून मोठं करवलं.

त्या गेल्या त्याला आता तीन वर्षं होतील. घर आवरायला त्यांचा पुतण्या आला. भला माणूस आहे, पण मागच्या खोलीत गेला आणि बाहेर येऊन घाम पुसायला लागला. काकांचं चित्र तुम्ही घेऊन जा, म्हणाला. काकूचं मात्र जाळून टाकूया, कुणाच्या दृष्टीला पडायला नको, तिच्या आत्म्याला शांती मिळेल. मी त्याला चित्राच्या कोपऱ्याकडे बोट करून दाखवलं. हे चित्र काकूंचं नाही, माझं आहे, मी काढलं आहे, असं सांगितलं. त्याने नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. दोन्ही चित्रं त्याच दुपारी आमच्या घरी आली. भिंतीपलीकडून भिंतीअलीकडे. बाबांनीच खिळे ठोकले, शेजारी शेजारी, आणि खालची कड सरळ आहे की नाही ते तीनदा लांब जाऊन बघितलं.

गेल्या महिन्यात मंडळाचं पत्र आलं. आता कमिटी नवी आहे. मंडळातल्या दिवंगत कलावंतांच्या आठवणीत प्रदर्शन आहे, काकूंचं नाव त्यात आदराने घेतलं आहे. 'आपल्याकडे असलेली त्यांची व त्यांच्यासंबंधीची निवडक चित्रे पाठवावीत. शक्यतो कौटुंबिक स्वरूपाची, सहकुटुंब पाहता येतील अशी.' मी ते पत्र रविवारच्या वर्गात वाचून दाखवलं. आम्ही अकरा बायका आहोत.

मी त्याच दिवशी उत्तर टाकलं. लिहिलं की माझ्याकडे दोन चित्रं आहेत, एक त्यांनी काढलेलं आणि एक त्यांचं काढलेलं. दोन्ही येतील, मधल्या भिंतीवर शेजारी शेजारी लागतील आणि त्यांवर चादर पडणार नाही. नाहीतर एकही येणार नाही. ही दोघं नवराबायको आहेत. याहून कौटुंबिक माझ्याकडे काही नाही.